बियाणे पारखता, तसे हेल्मेटही पारखा



मृग जवळ आला की तुम्ही बियाण्याच्या दुकानात जाता. पिशवी उलटीसुलटी करून पाहता. प्रमाणित बियाण्याचा निळा टॅग आहे का, लॉट नंबर काय, उगवणशक्ती किती, हे विचारता आणि पक्की पावती खिशात घालूनच दुकानाची पायरी उतरता. आम्ही विस्तार खात्याची माणसे वर्षानुवर्षे हेच सांगत आलो आणि तुम्ही ते मनावर घेतले, याचे समाधान वाटते. आज मात्र बियाण्याविषयी बोलायचे नाही. ज्या वस्तूची अशी पारख आपल्याकडे अजून होत नाही, तिच्याविषयी बोलायचे आहे. ती वस्तू म्हणजे मोटारसायकलवर घालायचे हेल्मेट.

कृषी खात्याच्या माणसाला हेल्मेटशी काय देणेघेणे, असे तुम्ही म्हणाल. देणेघेणे आहे. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून घरच्यांना २ लाख रुपये मिळतात. त्याचे अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात येतात. साप चावलेला, वीज अंगावर पडलेला, विजेचा धक्का लागलेला, विहिरीत पडलेला, अशा नाना तऱ्हेच्या फायली मी हाताळल्या. त्यांत मोटारसायकलच्या फायली मला अलीकडे फार दिसतात.

अशीच एक फाईल घेऊन लोहा-अहमदपूर रस्त्यालगतच्या एका गावची बाई आली होती. वय जेमतेम पस्तिशीचे. सातबारा, मृत्यूचा दाखला, पंचनामा, सगळे कागद एका कापडी पिशवीत नीट घडी घालून आणलेले. मी कागद पाहत होतो. तेवढ्यात ती आपणहून म्हणाली, "साहेब, हेल्मेट होतं घरी. खुंटीला तसंच टांगलेलं हाय. त्याची पन्नी बी काढली नव्हती. शेतातच तर जायलोय, म्हणले."

मी काय बोलणार? म्हटले, "ताई, बसा. पाणी घ्या." दोन लाखांचा अर्ज पुढे गेला. परंतु ते वाक्य अजून माझ्या कानातून जात नाही. म्हणून हा लेख.

"शेतातच तर जायलोय!"

आपल्याकडे हेल्मेट म्हणजे लातूरला किंवा नांदेडला जाताना, पोलीस उभे असतील त्या चौकापुरते घालायची वस्तू. गावात, शिवारात, फाट्यापर्यंत, दूध घालायला, पिठाच्या गिरणीवर जाताना कोण हेल्मेट घालतो?

अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात हॅरी हर्ट नावाच्या संशोधकाने लॉस एंजेलिस भागातील ९०० मोटारसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली. त्याचा अहवाल १९८१ साली निघाला. त्यात आढळले, की बहुतेक अपघात लांबच्या प्रवासात नव्हे, तर बाजारहाट, किरकोळ काम, मित्राकडे जाणे अशा छोट्या फेरीत झाले. तेही घरून निघाल्यावर थोड्याच वेळात. देश वेगळा, रस्ते वेगळे. पण माणसाचा स्वभाव तोच. ओळखीच्या रस्त्यावर माणूस बेफिकीर होतो.

आपला ओळखीचा रस्ता कसा असतो ते आठवा. गळीत हंगामात मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली अंधारात उभी असते. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला काळ्या मातीचा चिखल डांबरावर साबणासारखा पसरतो. रस्त्यावर सोयाबीन नाही तर तूर वाळत घातलेली असते. अचानक कुत्रे आडवे येते, रात्री रानडुक्कर येते. तुळजापूर-नागपूर हा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून जातो. शेतात जाताना हा रस्ता नुसता ओलांडायचा असला, तरी समोरून येणारी गाडी तुमचे शेत जवळ आहे म्हणून हळू होत नाही.

आता वेगाचा हिशेब विहिरीवर मांडू, म्हणजे लगेच पटेल. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे डोके थेट दगडावर आदळणे म्हणजे सुमारे २० फूट उंचीवरून कोरड्या विहिरीत डोक्यावर पडणे. वेग ६० केला, तर तीच विहीर ४५ फुटांच्या वर खोल होते. वेग दीडपट झाला, पण विहीर सव्वादोन पट खोल झाली. म्हणून हेल्मेट घातले तरी हात आवरूनच गाडी चालवायची. हेल्मेट म्हणजे वाट्टेल तसे पळण्याचा परवाना नव्हे.

हेल्मेट करते तरी काय?

मडके फरशीवर टाकले तर फुटते. तेच सोयाबीनच्या भुसकटाच्या ढिगावर टाकले तर बहुधा वाचते. पडणे तेवढेच, उंची तेवढीच. मग फरक कशाचा? भुसकट दबते, मडक्याला थांबायला थोडी जागा आणि थोडा वेळ मिळतो. हेल्मेटही हेच करते. बाहेरचे कडक कवच मार एका जागी बसू न देता पसरवते. आत थर्मोकोलसारखा जाड थर असतो. तो चेपतो आणि मार स्वतःवर घेतो. खरे काम हा थर्मोकोलच करतो. ज्या हेल्मेटात हा थर नाही, नुसता पातळ स्पंज आणि कापड आहे, ते हेल्मेट नव्हे, प्लॅस्टिकचे टोपले आहे.

हे ज्ञान सुखासुखी मिळालेले नाही. अरबस्तानातील कामगिरीमुळे गाजलेले इंग्रज अधिकारी टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये आपल्या मोटारसायकलवरून जात असताना, सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना पडले. डोक्याला मार लागला आणि सहा दिवसांनी ते गेले. डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्यांना पाहणाऱ्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९४१ साली हेल्मेटचे महत्त्व सांगणारा लेख प्रसिद्ध केला. त्याच काळात ब्रिटिश सैन्यातील मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले. त्यानंतर जगभर अभ्यास झाले. २००८ साली अशा ६१ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. हेल्मेटमुळे डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. शंभर टक्के नाही, हे मी मुद्दाम सांगतो. पण एवढी खात्री देणारे पीक तरी आपल्या कोरडवाहू रानात कोणते आहे?

पारख पहिली : खूण

बियाण्याला जसा टॅग, तशी हेल्मेटला आयएसआय खूण. १ जून २०२१ पासून आपल्या देशात दुचाकीचे हेल्मेट या खुणेशिवाय बनवता किंवा विकता येत नाही. नुसती 'आयएसआय' अक्षरे पाहून समाधान मानू नका. खुणेच्या वर 'आयएस ४१५१' हा मानकाचा क्रमांक असतो आणि खाली 'सीएम/एल' ही अक्षरे व त्यापुढे कारखान्याच्या परवान्याचा क्रमांक असतो. दोन्ही हवेत. घरात शिकलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या ॲपवर तो परवाना क्रमांक घालून पाहायला सांगा. कारखान्याचे नाव आणि परवाना चालू आहे की नाही, ते जागच्या जागी कळते.

रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगून स्वस्तात विकली जाणारी हेल्मेटे तुम्ही पाहता. खुणेचा कागद कोणीही छापून चिकटवू शकतो, हे बोगस बियाण्याने होरपळलेल्या शेतकऱ्याला मी काय सांगावे! दुकानातून घ्या, पक्की पावती घ्या. बांधकामावरची पिवळी टोपी किंवा क्रिकेटचे हेल्मेट यासाठी चालत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. नवी दुचाकी घेताना तिच्यासोबत मानकाप्रमाणे असलेले हेल्मेट मिळाले पाहिजे, असे केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ मध्ये सांगितले आहे. ते मागून घ्या.

पारख दुसरी : माप

चप्पल आपण पायात घालून घेतो. हेल्मेट मात्र एकाने जायचे आणि घरातल्या सगळ्यांसाठी एक आणायचे, अशी रीत आहे. ही रीत मोडा.

शिंप्याची टेप घ्या. ती नसेल तर सुतळी घ्या. भुवयांच्या वर बोटभर अंतरावरून, कानांच्या वरून, डोक्याच्या मागचा फुगीर भाग धरून घेर मोजा. हा घेर ५८ सेंटिमीटर आला, तर हेल्मेटवर ५८० मिलिमीटर लिहिलेले माप पाहा. ६० आला तर ६००. मग ते डोक्यात घालून पाहा. नवे हेल्मेट घट्टच बसायला हवे, गाल किंचित दाबले जायला हवेत. वापराने आतले अस्तर सैल पडते. मान डावीउजवीकडे हलवा. हेल्मेटबरोबर कपाळाची कातडीही सरकली, तर माप बरोबर. डोके आत फिरले आणि हेल्मेट जागेवर राहिले, तर ते मोठे आहे. दहा मिनिटे घालून दुकानात बसा. कपाळावर एकाच जागी दुखू लागले, लाल वळ उठला, तर दुसरे मागा. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्या. पैसे तुमचे आहेत.

पारख तिसरी : पट्टा

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत कंधार तालुक्यात होतो. रस्त्याकडेचे एक हेल्मेट स्वस्तात मिळाले म्हणून घेतले. एक माप मोठे होते आणि पट्टा मी कधी लावत नसे. एका वळणावर कुत्रे आडवे आले. माझ्याआधी हेल्मेट खाली पडले आणि गडगडत चारीत गेले! मी पडलो तो नशिबाने नांगरलेल्या मऊ रानात, म्हणून आज हे लिहायला शिल्लक आहे. त्या दिवसापासून पट्ट्याचा आवाज 'कट' असा ऐकल्याशिवाय मी किक मारलेली नाही.

पट्टा हनुवटीखाली असा लावा, की त्यात एखाद-दुसरे बोटच जाईल. तो लावल्यावर कोणालातरी मागून हेल्मेट वर उचलून पुढे ढकलायला सांगा. निघून आले तर ते तुमचे नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्येसुद्धा हेल्मेट पट्ट्याने डोक्याला पक्के बांधलेले असावे, असेच म्हटले आहे. कोपरावर अडकवलेले हेल्मेट कोपर वाचवील, डोके नाही.

पारख चौथी : आकार आणि काच

बाजारात तीन-चार तऱ्हा असतात. सगळा चेहरा आणि हनुवटी झाकणारे सर्वांत चांगले. जर्मनीत हॅनोव्हर भागात अपघातग्रस्त हेल्मेटांची तपासणी झाली. तेव्हा माराच्या खुणांपैकी सुमारे तिसरा हिस्सा हनुवटीच्या बाजूला आढळला. जबडा मोडलेला माणूस महिना-महिना पेजेवर काढतो. हनुवटीचा भाग वर उचलता येतो असेही हेल्मेट मिळते. पाणी पिताना, फाट्यावर कोणाशी बोलताना ते सोयीचे. मात्र चालवताना ते खाली करून बसवलेच पाहिजे. समोरून उघडे पण कान झाकणारे तिसरे. कानांच्या वरच संपणारी अर्धी टोपी मात्र घेऊ नका.

काच पांढरी, पारदर्शक घ्या. काळी काच उन्हात बरी वाटते, पण दिवस मावळल्यावर तीच घात करते. पावसाळ्याच्या रात्री डोळ्यात किडा गेला की काय होते, हे ज्याच्या गेला आहे त्याला विचारा. काच खाली असेल तर ती वेळच येत नाही. काचेवर ओरखडे पडले, समोरच्या दिव्याचा उजेड पसरू लागला, की नुसती काच बदलून मिळते.

"उकडते, ऐकू येत नाही" — या तक्रारींचे काय?

उकडते हे खरे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून हवेची भोके असलेले, फिक्या रंगाचे, अस्तर काढून धुता येईल असे हेल्मेट घ्या. डोक्याला पातळ सुती रुमाल गुंडाळा, त्यात घाम मुरतो. नाहीतरी उन्हातून जाताना उपरणे गुंडाळतोच की आपण! मात्र गांधी टोपीवर किंवा जाड फेट्यावर हेल्मेट बसत नाही. टोपी तेवढा वेळ खिशात राहू द्या, तिचा मान कमी होत नाही. पगडी बांधणाऱ्या शीख बांधवांना कायद्याने हेल्मेटमधून सूट आहे. नांदेडकरांना हे माहीत आहेच. ती सूट आपल्या टोपीला नाही.

ऐकू येत नाही, ही तक्रारही जुनीच आहे. मघाशी सांगितलेल्या हर्ट यांच्या तपासणीत हेही पाहिले होते. हेल्मेटमुळे रस्त्यावरचे महत्त्वाचे आवाज ऐकू आले नाहीत किंवा नजर आखूड झाली म्हणून अपघात झाला, असे त्यांना आढळले नाही.

घरातली बाकीची डोकी

गाडीवर पुढे बाप हेल्मेट घालून, मागे आई पदर सावरत एका बाजूला बसलेली, मांडीवर लेकरू आणि टाकीवर दुसरे. हे चित्र आपण रोज पाहतो. गाडी पडली तर सगळेच पडतात. कायदा मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट घालायला सांगतो. ९ महिने ते ४ वर्षे वयाच्या मुलासाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम आहे. त्याच्या मापाचे हेल्मेट हवे, त्याला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा हवा आणि वेग ४० च्या वर जायला नको. मोठ्याचे हेल्मेट लेकराच्या डोक्यावर ठेवणे धोक्याचे आहे. ते घसरते, डोळे झाकते आणि कोवळ्या मानेला ओझे होते.

भगिनींनो, अंबाड्यामुळे हेल्मेट बसत नाही म्हणून मोठे माप घेऊ नका. अंबाडा खाली मानेवर घ्या किंवा वेणी सोडा. पदर आणि ओढणी चाकापासून दूर, कमरेला खोचून बसा. सोयाबीन बियाण्याच्या एका पिशवीला जेवढे पैसे जातात, साधारण तेवढ्यात खूण असलेली दोन साधी हेल्मेटे येतात. घरधन्याने एकच आणले, तर दुसरे कुठे आहे, असे तुम्हीच विचारा.

सांभाळ कसा करावा?

हेल्मेट आरशाला अडकवून उन्हात ठेवू नका. कीटकनाशके, पेट्रोल, थिनर यांच्याजवळ तर मुळीच नको. त्यांच्या वाफांनी आणि शिंतोड्यांनी कवच आणि आतला थर्मोकोल खराब होतो. वरून रंग देऊ नका. त्यात कांदे-वांगी आणू नका आणि त्यावर बसू नका. धुताना साधा साबण, कोमट पाणी, मऊ कापड. आणि मुख्य गोष्ट : एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसले, तरी बाद समजा. आतला थर एकदा चेपला की पुन्हा फुगत नाही. मार बसला नसला, तरी साधारण पाच वर्षांनी बदलावे. जुने दुसऱ्याला देऊ नका, कापून टाका.

अपघात झालाच तर

जखमीचे हेल्मेट ओढून काढू नका. मानेला इजा असेल तर ती वाढते. श्वास नीट चालू असेल तर काच वर करा, डोके-मान हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करा. श्वास अडत असेल, उलटीने गुदमरत असेल, तरच दोघांनी मिळून हेल्मेट काढा. एकाने डोके व मान दोन्ही हातांनी सरळ धरायची, दुसऱ्याने पट्टा सोडून अलगद सरकवायचे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. मदत केली तर पोलीस आपल्यालाच धरतील, ही भीतीही सोडा. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या सूचनांना मान्यता दिली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात त्यासाठी कलम १३४-अ आले. डोक्याला मार बसल्यावर माणूस उठून चालू लागला, तरी पुढे उलट्या, गुंगी, बडबड असे काही दिसले तर रात्रीची वाट न पाहता दवाखान्यात न्या. जखम दिसत नाही म्हणून आत काही नाही, असे नसते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंपाने काय केले, ते आपल्या पिढीने पाहिले. मातीत बसवलेल्या दगडांच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. त्यानंतर घर कसे बांधावे हे आपण शिकलो. नशीब म्हणून हात जोडून बसलो नाही. मग रस्त्यावरच्या मरणालाच नशीब का म्हणायचे?

एक सोपे काम सांगतो आणि थांबतो. आज घरी गाडीची चावी जिथे टांगता, त्याच खुंटीला हेल्मेट टांगा, चावीच्या पुढे. म्हणजे हेल्मेट हातात घेतल्याशिवाय चावी निघणार नाही. आणि त्याची पन्नी आजच काढून टाका.